मणका मोजणारे यंत्र
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या भागात क्ष-किरण चित्राला कोणी क्ष-किरण चित्र म्हणत नाही, 'फोटो' म्हणतात. "पाठीचा फोटो काढला, काही निघालं नाही," हे वाक्य मी गेल्या दीड वर्षात कितीदा ऐकले असेल याची गणती नाही. कारण कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी मी तालुक्याच्या गावी एका क्ष-किरण केंद्रात रुग्णांची नावे लिहून घेण्याचे काम करते. भूगोल घेऊन बी. ए. करणारी मुलगी या विषयावर लिहायला का बसली, असे वाचकांना वाटेल. उत्तर एवढेच, की 'काही निघालं नाही' म्हणजे नेमके काय, हे मला जाणून घ्यायचे होते. काही नव्हतेच, की होते पण कोणाला दिसले नाही? आणि ही चित्रे संगणकाकडून वाचून घेण्याचे जे प्रयत्न जगात चालू आहेत, त्यांनी ते दिसेल काय? वाचून आणि विचारून जे हाती लागले ते येथे मांडते.

माणसाच्या कण्यात ३३ मणके असतात. मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५. त्याखालचे ५ मोठेपणी एकमेकांना जुळून जातात आणि अगदी शेवटचे ४ मिळून माकडहाड बनते. बाजूने काढलेल्या फोटोत प्रत्येक मणका साधारण चौकोनी दिसतो आणि दोन मणक्यांच्या मध्ये चकतीची काळसर फट दिसते. मणका बाहेरून घट्ट असला तरी आतून मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो. वय वाढते तशी ही जाळी विरळ होते. बायकांची पाळी गेल्यावर तर ती फार झपाट्याने विरळ होते. मग मणका मोडायला झाडावरून पडावे लागत नाही. भरलेली कळशी उचलली, एस. टी. खड्ड्यातून आदळली, एवढेही पुरते. लाकूड तुटावे तसा तो कडाडून तुटत नाही, दबतो. पुढची बाजू दबली तर पाचरीसारखा होतो, मधला भाग दबला तर वरून-खालून खोलगट होतो, आणि सगळाच दबला तर चपटा होतो. एकापाठोपाठ एक असे पाचरीसारखे मणके साठले की पाठीला पोक येते. म्हाताऱ्या माणसाने वाकायचेच, असे आपण धरून चालतो. त्या वाकण्याच्या आत पुष्कळदा मोडलेली हाडे असतात.

यातली खरी अडचण अशी, की असे दबलेले मणके दोन-तृतीयांश वेळा डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत. दुखते, पण सहन होते. कोणी 'उसण भरली' म्हणते, कोणी वाळूचा शेक देते, महिन्याभरात दुखणे ओसरते. मणका मात्र दबलेलाच राहतो. आणि तो एकटा राहत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की ज्या बायकांचा मणका नुकताच दबला होता त्यांच्यापैकी जवळजवळ पाचातल्या एकीचा दुसरा मणका वर्षाच्या आत दबला. उलट बाजूही सांगायला हवी. १९९६ साली अलेंड्रोनेट नावाच्या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांचा एखादा मणका आधीच दबलेला आहे अशाच २,०२७ बायका त्यात होत्या. तीन वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना नवा मणकाभंग झाला, औषध घेणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांना. म्हणजे पहिला दबलेला मणका वेळेवर दिसला तर पुढचे बरेच टाळता येते. न दिसला तर त्या औषधाचा काय उपयोग?

आता तो दिसत का नाही? फोटो काढत नाहीत म्हणून, हे एक कारण. पण काढलेल्या फोटोतही तो दिसत नाही, हे दुसरे कारण मला जास्त विचित्र वाटले. अमेरिकेत ६० वर्षांवरील ९३४ बायकांचे छातीचे फोटो पुन्हा काढून तपासले गेले. या सगळ्या दुसऱ्याच कोणत्या तरी आजारासाठी रुग्णालयात आल्या होत्या. त्यांपैकी १३२ जणींचे मणके मध्यम किंवा जास्त दबलेले सापडले. त्या वेळच्या क्ष-किरण अहवालात यांपैकी निम्म्याच जणींबाबत तशी नोंद होती, आणि रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर फक्त १७ जणींच्या. हा अभ्यास २००० सालचा आहे.

माझ्या आजीचे असेच झाले. आजीने वीस हंगाम ऊसतोड केली. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे काम. चार वर्षांपूर्वी तिला महिनाभर खोकला होता, म्हणून एका रुग्णालयात तिच्या छातीचे समोरून व बाजूने असे दोन फोटो काढले. 'फुप्फुसे स्वच्छ' असा कागद मिळाला आणि सगळ्यांना हायसे वाटले. पुढे दीड वर्षाने एक दिवस पाण्याची कळशी खाली ठेवताना तिच्या पाठीत असा कडाका निघाला की ती तशीच बसून राहिली. आमच्या केंद्रात आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर आहेत. त्यांनी आजीच्या पिशवीतली जुनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "हा बघ, छातीचा बारावा. हा तेव्हाच दबला होता." आता शेजारचा कमरेचा पहिलाही दबला होता. पूर्वीच्या डॉक्टरांना फुप्फुसे पाहायला सांगितली होती, त्यांनी फुप्फुसे पाहिली. एका दिवसात शंभर फोटो वाचणाऱ्या माणसाकडून याहून निराळे काय व्हावे? म्हणूनच तर हे काम यंत्राकडे द्यावे असे लोकांना सुचले. यंत्र कंटाळत नाही, आणि 'मला फुप्फुसेच विचारली आहेत' असेही म्हणत नाही.

क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म रँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात लावला हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण 'मणका किती दबला म्हणजे मोडला' हे ठरवायला मात्र पुढे शंभर वर्षे लागली. आज सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत अमेरिकेतील हॅरी जेनंट यांनी १९९३ साली मांडली. मणक्याची उंची अपेक्षेपेक्षा २० ते २५ टक्के कमी झाली तर पहिली पायरी, म्हणजे सौम्य. २५ ते ४० टक्के कमी झाली तर दुसरी, मध्यम. ४० च्या पुढे तिसरी, तीव्र. जेनंट यांनी हे पट्टी लावून नव्हे तर सरावलेल्या डोळ्यांनी ठरवावे असे सांगितले होते. ज्यांना डोळ्यांवर विसंबायचे नाही ते प्रत्येक मणक्यावर सहा ठिपके देतात: पुढच्या कडेला वर-खाली दोन, मध्यभागी दोन, मागच्या कडेला दोन. त्यांवरून तीन उंच्या मिळतात. छातीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या चौथ्यापर्यंत १३ मणके मोजायचे, म्हणजे एका माणसाचे ७८ ठिपके. त्याच्या वरचे मणके खांद्याच्या हाडांमागे लपतात म्हणून सोडून देतात. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो तसेच हे. फरक इतकाच की रांगोळीत ठिपका आपण ठरवू तेथे पडतो, येथे तो हाडाने ठरवलेल्या जागी पडला पाहिजे.

आणि ते सोपे नाही. एकदा केंद्रात गर्दी नव्हती, तेव्हा आमच्या तंत्रज्ञ दादांनी संगणकावरच्या मोजपट्टीने एक मणका मोजून दाखवला. मागची उंची दोघांचीही २५ आली. पुढची मी १९ धरली, दादांनी १८. माझ्या हिशेबाने घट २४ टक्के, म्हणजे पहिली पायरी. दादांच्या हिशेबाने २८ टक्के, म्हणजे दुसरी. कोणी २१ धरली असती तर घट १६ टक्के, म्हणजे मणका ठणठणीत! एवढ्याशा फरकावर एका बाईचे औषध अडते.

कड नेमकी धरता येत नाही याचे कारण प्रकाशाच्या खेळात आहे. क्ष-किरण एका बिंदूतून निघून पसरत जातात. मधल्या मणक्यांवर ते सरळ पडतात, पण वरच्या-खालच्या टोकाच्या मणक्यांवर तिरपे. फडताळातला पत्र्याचा डबा डोळ्यांच्या रेषेत असला तर त्याच्या झाकणाची एकच रेघ दिसते, खालून किंवा वरून पाहिला तर झाकण लंबगोल दिसते व त्याला दोन कडा येतात. मणक्याचेही तसेच होते. आता यांतली कोणती कड धरायची? रुग्ण किंचित वळून झोपला असेल किंवा पाठ एका बाजूला वाकडी असेल तर हा घोळ आणखी वाढतो. आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या बायका दुखत्या कुशीवर नीट झोपू शकत नाहीत. तेव्हा चित्र बिघडते ते यंत्रामुळे नव्हे, दुखण्यामुळेच.

हे ठिपके संगणकाने टाकावेत, या कल्पनेवर इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात बरेच काम झाले. तेथील टिम कूट्स, ख्रिस टेलर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली एक रीत प्रसिद्ध केली. तिचा गाभा मला समजला तो असा. आधी तज्ज्ञांनी पुष्कळ चित्रांवर हाताने ठिपके द्यायचे. त्यांवरून संगणक दोन गोष्टी शिकतो. एक, सरासरी आकार कसा असतो. आणि दुसरी, हा आकार माणसामाणसांत कोणकोणत्या प्रकारे बदलतो. नवे चित्र आले की तो सरासरी आकार त्यावर ठेवतो, प्रत्येक ठिपक्याला जवळची कड शोधायला सोडतो, आणि मग पाहतो की तयार झालेला आकार आजवर पाहिलेल्यांत बसतो का. बसत नसेल तर ठिपके मागे ओढतो. असे पुन्हापुन्हा करीत आकार स्थिरावतो. बरगडीची आडवी रेघ मणक्याची कड समजून एखादा ठिपका भलतीकडे पळाला तर बाकीचे ठिपके त्याला परत आणतात; भावंडांत एखादे चुकार असावे तसे. १९९९ पर्यंत मँचेस्टरच्याच मंडळींनी ही रीत मणक्यांच्या चित्रांवर वापरून दाखवली होती. तिच्यावर उभारलेले सॉफ्टवेअर पुढे बाजारातही आले. त्यात माणूस मणक्यांच्या मध्यावर टिचक्या मारून देतो आणि उरलेली रेखाटणी संगणक करतो. शेवटी तज्ज्ञाने एकदा नजर टाकून ठिपके सरकवायचे.

या रीतीतली मेख माझ्या लक्षात जरा उशिरा आली. आकार 'आजवर पाहिलेल्यांत' बसला पाहिजे, असे यंत्राला शिकवले आहे. पण मोडलेला मणका म्हणजे नेहमीच्यात न बसणारा आकार! शिकवताना धडधाकट मणकेच फार दाखवले, तर यंत्र दबलेल्या मणक्यालाही ओढूनताणून धडधाकट करील. म्हणून शिकवण्याच्या चित्रांत मोडके मणके भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेचे असावे लागतात. आपण शोधतो ते दुर्मिळ, आणि शिकवायला हवे ते विपुल, अशी ही ओढाताण आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत दुसरी रीत पुढे आली. हिच्यात ठिपके नाहीत, उंची नाही, टक्केही नाहीत. हजारो फोटो आणि प्रत्येकापुढे 'मोडला' किंवा 'नाही' एवढेच उत्तर संगणकाला द्यायचे. तो आपले आतले आकडे बदलत बदलत उत्तर जुळवायला शिकतो. बैलबाजारात जुना हेडी जनावराभोवती एक चक्कर मारून किंमत सांगतो. कशावरून, असे विचारले तर त्याला धड सांगता येत नाही. त्यातलाच हा प्रकार. २०२० साली जपानमधील डॉक्टरांनी ३०० रुग्णांच्या साध्या फोटोंवर असे यंत्र तपासले. मोडलेल्यांपैकी ८४.७ टक्के त्याने बरोबर ओळखले, आणि न मोडलेल्यांपैकी ८७.३ टक्के.

आकडे ऐकून बरे वाटते. मी मात्र वहीत एक हिशेब मांडला. समजा, आमच्यासारख्या केंद्रात १,००० माणसांचे फोटो आले आणि त्यांतल्या ५० जणांचा मणका खरोखर दबलेला आहे. यंत्र ४२ ओळखील, ८ सोडील. उरलेल्या ९५० धडधाकट लोकांपैकी सुमारे १२१ जणांनाही ते 'मोडला' म्हणेल. एकूण १६३ जणांना बोलावणे जाईल आणि त्यांत खरे ४२, चारात एक. त्या १२१ लोकांचा रोजगार बुडणार, जिल्ह्याला खेप होणार, जिवाला घोर लागणार तो वेगळाच. तरीही ४२ जण सापडले, हे विसरता येत नाही. आज त्यांच्यापैकी किती सापडतात? मला वाटते, तपासणारा डॉक्टर शेवटी असेल तर हा सौदा पत्करण्याजोगा आहे. यंत्राचा कागदच अखेरचा ठरणार असेल तर नाही.

हेडी कशावरून सांगतो ते माहीत नसले की काय होते, याचे एक उदाहरण वाचून मी थक्क झाले. ते मणक्याचे नाही, खुब्याच्या हाडाचे आहे. न्यूयॉर्कमध्ये तेवीस हजारांहून अधिक फोटोंवर यंत्राला खुब्याचा अस्थिभंग ओळखायला शिकवले. ते बऱ्यापैकी ओळखू लागले. मार्कस बॅजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोलात जाऊन पाहिले, तर त्याच फोटोंवरून यंत्र दुसरेही पुष्कळ ओळखत होते: रुग्णाचे वय, फोटो काढणाऱ्या यंत्राची जात, फोटो कोणत्या विभागातून आला हे. मग त्यांनी दोन्ही गटांत या बाबी सारख्या ठेवून परीक्षा घेतली, तेव्हा यंत्राचे उत्तर नाणे उडवून दिल्यासारखे झाले. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हाड न पाहता हाडाबद्दल बोलणे यंत्रालाही जमते! परीक्षेच्या आदल्या दिवशी 'महत्त्वाचे प्रश्न' पाठ करणाऱ्या आमच्या वर्गबंधूंना हे वाचून नक्कीच आधार वाटेल.

यंत्राचा गुरू कोण, हाही प्रश्न आहेच. इंग्लंडमधील शेफील्डच्या तज्ज्ञांनी २००४ साली असे मांडले, की उंची कमी म्हणजे मोड नव्हे. काहींचे मणके जन्मतःच किंवा वाढीच्या वयातल्या विकाराने बुटके असतात; खरी खूण म्हणजे मणक्याची वरची किंवा खालची पाटी मध्यभागी खचलेली असणे. जेनंट यांच्या रीतीने उत्तरे देऊन शिकवलेले यंत्र आणि शेफील्डच्या रीतीने शिकवलेले यंत्र एकाच आजीबद्दल निराळे बोलू शकतील. पहिल्या पायरीवर तर तज्ज्ञांचेच एकमत होत नाही, मग यंत्र कोणाचे मत शिकणार?

आणि चित्रे कोणाची? व्हिएतनामने यात चांगले काम केले आहे. त्यांनी २०२१ साली ५,००० तपासण्यांतील दहा हजारांहून अधिक मणक्यांचे फोटो तज्ज्ञांकडून खुणा करवून संशोधकांसाठी खुले केले. आपल्याकडे रुग्ण काही कमी नाहीत. दिल्लीत पन्नाशी ओलांडलेल्या लोकांचे फोटो तपासले तेव्हा सुमारे १८ टक्के जणांचे मणके दबलेले निघाले, आणि पुरुषही बायकांच्या बरोबरीने होते. बीड जिल्ह्याचे तर निराळेच दुःख आहे. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे जी पाहणी आली तिच्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तिच्याबरोबर बीजांडकोशही गेले असतील तर पाळी जाण्याच्या वयाआधीच हाडांची झीज सुरू होते. तिशी-पस्तिशीतल्या या बायकांच्या पाठीचा फोटो 'म्हातारपणीचा आजार' म्हणून कोणी काढणार नाही, आणि म्हाताऱ्यांच्या चित्रांवर शिकलेले यंत्र त्यांच्याबद्दल काय सांगेल हे तपासूनच पाहावे लागेल.

छातीचे फोटो वाचणारी यंत्रे आपल्या देशात आलेली आहेत. त्यांतले एक तर मुंबईच्या कंपनीचे आहे. क्षयरोग शोधण्यासाठी, १५ वर्षे व त्यावरील माणसांच्या बाबतीत, अशी सॉफ्टवेअर वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. मग त्याच फोटोवर मणकेही का पाहू नयेत, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, क्षयासाठी फोटो समोरून काढतात. समोरून मणका हृदयामागे झाकतो आणि पाचर तर दिसतच नाही. बाजूचा फोटो हवा. तो काढायला वेळ लागतो, किरणेही जास्त लागतात, म्हणून गरज असल्याशिवाय काढत नाहीत.

क्षयावरून आणखी एक गोष्ट निघाली. मणका दबण्याचे कारण ठिसूळपणाच असेल असे नाही. क्षय मणक्यालाही होतो. इंग्लंडचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी त्याचे वर्णन १७७९ सालीच केले होते. कर्करोगही मणका पोखरतो. उंची मोजणाऱ्या यंत्राला हे तिन्ही सारखेच, ३० टक्के म्हणजे ३० टक्के. डॉक्टर मात्र बाजूची चकती पाहतात. ठिसूळपणात चकती शाबूत असते, क्षयात ती बहुधा खाल्ली जाते. औषधे अर्थातच अगदी निराळी. शिवाय मोड ताजी की जुनी, हे एका फोटोवरून बहुतेक वेळा यंत्रालाही कळत नाही व माणसालाही. त्यासाठी एम. आर. आय. करावा लागतो, नाहीतर जुना फोटो शोधावा लागतो. आमच्या केंद्रात आता नाव लिहून घेताना मी विचारते, "मावशी, आधीचा फोटो आहे का घरी? छातीचा असला तरी चालेल." दहातल्या दोघी-तिघी पुढच्या खेपेला तो घेऊन येतात, बहुधा बाजाराच्या पिशवीत घडी घातलेला.